थरांचं लाकडी धनुष्य: आधी पोटाचं लाकूड, मग पात्याचा आकार

धनुष्याला सगळ्यात चांगलं लाकूड कोणतं, असं बेळगावातल्या एखाद्या वखारीत विचारलं तर उत्तर बहुधा साग किंवा शिसव असं मिळतं. इंटरनेटवर विचारलं तर मेपल, हिकरी, यू. वखारवाल्याच्या डोळ्यांपुढे दारं-खिडक्या आणि पलंग असतात, त्यामुळे त्याचं उत्तर चुकीचं असलं तरी समजण्यासारखं आहे. इंटरनेटवरच्या याद्यांची गोष्ट वेगळी. तिथली बहुतेक थरांची धनुष्यं फायबरग्लासची असतात. बाहेरच्या दोन्ही अंगांना साधारण एक मिलिमीटर जाडीची काचतंतूंची पट्टी असते आणि लाकूड मध्ये. ताण-दाब जवळजवळ सगळा त्या पट्ट्या घेतात. लाकडाने फक्त त्यांना एकमेकींपासून लांब धरून ठेवायचं. अशा धनुष्यात सागही चालतो, शिसवही चालतं, कारण लाकडाची परीक्षाच होत नाही.

इथे आपण बोलतोय ते बिनकाचेच्या धनुष्याबद्दल: लाकूड आणि बांबू यांचे दोन किंवा तीन थर, बाकी काही नाही. त्यात ठरवायचा क्रम असा. पोटाला (धनुष्याच्या आपल्याकडच्या अंगाला) जे लाकूड मिळेल त्यावरून पात्याची (वाकणाऱ्या भागाची) रुंदी ठरते. पाठीला (निशाण्याकडच्या अंगाला) जो बांबू मिळेल त्यावरून ती रुंदी कुठवर नेता येईल ते ठरतं. सरळ, पुढे कललेलं की रिकर्व्ह (टोकाशी दोरी पात्यावर टेकणारं), हा आकाराचा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी चित्रातला आकार आवडून मग लाकूड शोधायला निघालेल्याचं धनुष्य सहसा घडवतानाच मोडतं.

लांबी आणि ओढ (दोरी किती मागे खेचायची) इंचांत, ओढीचं वजन (तेवढं खेचायला लागणारा जोर) पौंडांत आणि जाडी-रुंदी मिलिमीटरमध्ये, अशी सरमिसळ खाली आहे. मैदानावर आणि वर्कशॉपमध्ये अशीच चालते.

पाठ ताणते, पोट दबतं

धनुष्याची निशाण्याकडची बाजू म्हणजे पाठ, आपल्याकडची बाजू म्हणजे पोट. मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग म्हणजे पातं. तिरंदाज त्यालाच लिंब म्हणतात. दोरी ओढली की पाठीचे तंतू ताणले जातात आणि पोटाचे दाबले जातात. मधोमध एक पातळी अशी असते की जिथे ताणही नाही, दाबही नाही.

लाकूड ताणाला जितकं सोसतं तितकं दाबाला सोसत नाही. म्हणून धनुष्य मोडतं तेव्हा आवाज पाठीकडून येतो, पण बिघडतं ते बहुतेकदा पोटाकडून आणि गुपचूप. पोटाचे तंतू दबून चुरगळले की धनुष्य उतरवल्यावरही वाकलेलंच राहतं. हा कायमचा बाक दोन इंचांपुढे गेला की बाण मंद जातो. त्याही पुढे पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसू लागतात. नख फिरवलं तर लागतात. त्या पॉलिश पेपरने जात नाहीत, कारण त्या लाकडाच्या आत मोडलेल्या तंतूंच्या असतात.

किती ताण पडतो याचा हिशेब सोपा आहे: पात्याची निम्मी जाडी भागिले वळणाची त्रिज्या. पातं १३ मिमी जाड असेल आणि पूर्ण ओढीला ७०० मिमी त्रिज्येच्या कमानीत वाकत असेल तर ६.५ भागिले ७००, म्हणजे सुमारे ०.९ टक्के. नुसत्या लाकडाचं धनुष्य साधारण एक टक्क्याच्या आसपास काम करतं, त्यापुढे बाक घेऊ लागतं. या भागाकारात रुंदी नाही, हे नीट बघा. जाड पातं कमी वाकू शकतं, पातळ पातं जास्त.

जोराचा हिशेब वेगळा. रुंदी दुप्पट केली तर जोर दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. लाकूड कमजोर असेल तर पातं पातळ ठेवून ताण कमी करायचा आणि गेलेला जोर रुंदीतून परत मिळवायचा. सगळी आकारविद्या या एका व्यवहारात आहे. याच्याच उलट बाजूचा उपयोग वजन उतरवताना होतो. ४० पौंडांच्या धनुष्याचं १२ मिमीचं पातं सगळीकडून सारखं ०.६ मिमी पातळ केलं, म्हणजे पाच टक्के, तर वजन सुमारे ३४ पौंडांवर येतं. पॉलिश पेपरचे दहा-वीस हात जास्त मारले तर काय होतं, असं विचारणाऱ्याला हा आकडा दाखवावा.

पोटाला काय लावायचं

पोटाला दाब सोसणारं, सरळ रेषेचं (तंतू लांबीला समांतर असलेलं), नीट मुरलेलं लाकूड लागतं. आपल्या भागात पहिला मान धामणाचा. कानडीत याला तडसलु म्हणतात. खानापूरकडच्या माणसाला दोन्ही नावं ओळखीची असतात. लवचीकपणासाठी हे लाकूड जुन्या काळापासून ओझ्याच्या कावडीला, अवजारांच्या दांड्यांना आणि धनुष्यांनाही वापरलं जातं. वजन घनमीटरला साधारण ७०० ते ८०० किलो. वाकून परत येण्याची सवय त्याच्यात मुळातच आहे. अडचण एवढीच की वखारीत ते धामण म्हणून क्वचितच वेगळं ठेवलेलं असतं; दांड्यांच्या गठ्ठ्यात शोधावं लागतं.

बाभूळ सगळीकडे मिळते, अथणी-चिकोडीकडे तर अधिकच. गाभ्याचं तांबूस लाकूड चिवट आणि जड असतं, गाड्यांची चाकं उगाच बाभळीची करत नसत. पण सरळ रेषेचा दोन हातांहून लांब तुकडा मिळणं हे नशिबाचं काम, आणि गाठीशेजारी रेषा कुठे वळेल सांगता येत नाही. यावर तोडगा असा: थरांच्या धनुष्यात पोटाची पट्टी एकसंध असायला हवी असं नाही. मुठीखाली दोन तुकड्यांचा सांधा देता येतो, कारण तिथे पातं वाकतच नाही. म्हणजे पावणेसहा फुटी पट्टीऐवजी पावणेतीन-तीन फुटांच्या दोन चालतात. दोन्ही एकाच फळीतून, लगतच्या कापाच्या घ्या, म्हणजे दोन्ही पाती सारखी वागतील.

खैर आणि अंजन ही फार जड लाकडं, घनमीटरला हजार किलोच्या आसपास. दाबाला भक्कम, त्यामुळे पातं अरुंद ठेवता येतं. पण रंध्याची धार अर्ध्या तासात जाते आणि टोकाकडे थोडं जरी जादा लाकूड राहिलं तरी बाण सुटताना मुठीला झटका बसतो.

साग पोटाला लावू नये, असं आमचं मत. तो हलत नाही, वाळवी लागत नाही, रंधायला छान. पण तो ठिसूळपणाकडे झुकतो आणि त्यातलं तेल सांधा धरू देत नाही. शिसवाचं दाबाला वावडं नाही, पण तेलाची अडचण तिथेही आहे, किंमत आहे, आणि त्याच्या तोडीवर-वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत. मुठीच्या ठोकळ्याला शिसवाचा तुकडा शोभतो, तेवढंच त्याचं काम. आंबा नको. चिंच आणि जांभळाच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, एका बाजूने रंधलं तर गुळगुळीत आणि त्याच फळीत चार बोटांवर फाटलेलं. पातळ पट्टीला ते परवडत नाही. ऐन वाळताना फुटतो. फर्निचरवाल्यांकडे आयात केलेलं ॲश मिळालं तर घ्या, पण पोटापेक्षा पाठीला ते जास्त शोभतं. पोटाला वापरलंच तर पातं ४५ ते ५० मिमी रुंद करावं लागेल.

नाव काहीही असो, तुकडा तपासून घ्या. त्याच फळीची ६ मिमी जाड, २० मिमी रुंद आणि ५०० मिमी लांब पट्टी काढा. प्लायवुडमधून ३०० मिमी त्रिज्येची कमान कापा. पट्टी त्या कमानीवर दाबून बांधली की पृष्ठभागावर बरोबर एक टक्का ताण येतो, कारण ३ भागिले ३०० म्हणजे ०.०१. तासभर तशी ठेवा, सोडा, आणखी तासाने सपाट फरशीवर ठेवून मधला उंचवटा मोजा. बांधलेली असताना तो ९८ मिमीच्या जवळपास असतो. सोडल्यावर १० मिमीच्या आत राहिला तर लाकूड पहिल्या प्रतीचं. पातं ३५ मिमीपासून सुरू करा. १० ते २० राहिला तर ४२ ते ४५ मिमी रुंद किंवा दोन इंच लांब धनुष्य करा. त्याहून जास्त राहिला किंवा आतल्या अंगाला सुरकुती दिसली तर ती फळी मधल्या थराला ठेवून द्या. पट्टी मोडलीच तर रेषा बघा: बहुधा तंतू तिरपे बाहेर निघालेले दिसतील. २० मिमी लांबीत १ मिमीपेक्षा जास्त तिरपी जाणारी रेषा कुठल्याच थराला नको. शंका असेल तिथे रंधलेल्या कडेवर शाईच्या पेनाचा थेंब सोडा. शाई तंतूंच्या वाटेनेच पसरते.

पाठीला कळक, आणि त्याची गोलाई

बांबूच्या बाहेरच्या सालीलगत तंतू दाट असतात, आत जावं तसे विरळ. म्हणून पाठीला बांबूची बाहेरची बाजू बाहेर ठेवायची. तिथली चकचकीत साल काचेच्या तुकड्याने हलकी खरवडायची, तंतूंना हात लावायचा नाही. पेरावरचा उंचवटा टोकदार असेल तर त्याचं टोक घासा, सपाट करू नका. पाठ फुटलेल्या धनुष्यांत फट पेरापासून सुरू झालेली वारंवार दिसते.

आपल्याकडे तीन जाती हाताशी येतात. माणगा बिनकाट्याचा, सरळ आणि बुंध्याशी जवळजवळ भरीव, काठ्या-शिड्यांना उत्तम. पण जाडी इंच-दोन इंचांची, त्यामुळे धनुष्याच्या पाठीला पट्टी निघत नाही. नर वेळूचं तेच. उरतो काटेरी कळक. त्याचा बुंधा वेडावाकडा, काट्यांनी विणलेला. बुडापासून दोन मीटर सोडून वरचा तीन मीटरचा भाग घ्यावा. तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला, आणि व्यास जितका मिळेल तितका मोठा.

व्यासावर एवढा भर का, ते आकड्यांत बघा. गोल बांबूतून ३६ मिमी रुंदीची पट्टी काढली आणि आतली बाजू सपाट रंधली, तर पट्टीचा मध्य कडेपेक्षा उंच राहतो. ६० मिमी व्यासाच्या बांबूत तो उंचवटा ६ मिमी असतो, ९० मिमीत ३.८, १२० मिमीत २.८. पाठ मध्यावर ३.५ मिमीच्या पुढे जाऊ द्यायची नाही. म्हणजे ६० आणि ९० मिमीच्या बांबूत ३६ मिमी रुंद पाठ होतच नाही. कडेला बांबू संपून खालचं लाकूड उघडं पडतं. ९० मिमीचाच कळक हातात असेल तर पातं ३० मिमीपर्यंत आणा, उंचवटा २.६ वर येतो. पण पातं ३० मिमीचं म्हणजे पोटाला खैर-अंजनासारखं भक्कम लाकूड हवं, किंवा धनुष्य दोन-तीन इंच लांब हवं. सुरुवातीला सांगितलेला क्रम इथे कामाला येतो.

बांबूची पाठ जाड ठेवण्याचा मोह टाळा. जास्त जाडी म्हणजे जास्त मजबुती, हे खरं. पण ती मजबूत पाठ पोटाला चिरडते. पाठ ताणली गेली नाही की सगळं वाकणं पोटाच्या माथी येतं. बांबूखाली मध्यम लाकूड आणि पोटावर सुरकुत्या, या जोडीचं कारण नेहमी हेच. इलाज दोन: पाठ पातळ करा, किंवा पात्याच्या कडा अशा तिरक्या घासा की पाठ पोटापेक्षा पाचएक मिमी अरुंद राहील.

बुरूडांकडून कळक चिरून आणला तर वेळ वाचतो. दोन इंच रुंद पट्ट्या सांगा. चिरलेल्या पट्ट्या सावलीत, दोन्ही टोकांना वजन ठेवून, दोन-तीन महिने वाळवा. ओला असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला तर भुंगा लागत नाही. वद्य पक्षात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही असं म्हणतात. भुंग्याला हवा असतो बांबूतला पिठूळ अंश, आणि तो कमी असतो पावसाळ्यातली वाढ थांबल्यावर. तिथीपेक्षा महिना बघा.

मधला थर

वाकणाऱ्या पट्टीच्या जाडीचा नेमका मधला एक तृतीयांश भाग एकूण जोराचा फक्त सत्ताविसावा भाग देतो. मधल्या थराला भारी लाकूड लावण्यात म्हणूनच अर्थ नाही. तिथे हलकं लाकूड लावलं की पात्याचं वजन घटतं. ८०० किलोच्या जागी ४५० किलोचं लाकूड, तेही जाडीच्या एक तृतीयांशात, म्हणजे पात्याच्या वजनाचा सातवा हिस्सा गेला. हलकं पातं बाणाला जास्त वेग देतं.

पण हलकं म्हणजे पोकळ नव्हे. वहीची पानं वाकवली तर एकावरून एक सरकतात. ती चिकटवली तर सरकू शकत नाहीत आणि वही ताठ होते. हे सरकू न देण्याचं काम सगळ्यात जास्त मधल्या पातळीवर पडतं. तिथे पांगारा किंवा सावर लावली तर थर आतून फाटतो. शिवण, हेदू, फणस ही योग्य निवड. सागाला धनुष्यात जागा द्यायचीच असेल तर ती इथे. मधल्या थराची पट्टी अशी कापा की टोकाकडून बघताना वलयांच्या रेषा उभ्या दिसतील. आडव्या रेषेची पट्टी हवामानाबरोबर जास्त पिळते.

एक पूर्ण मापांचं धनुष्य

पोटाला धामण, मध्ये शिवण, पाठीला १२० मिमी व्यासाचा कळक. २८ इंच ओढ, ४० पौंड. लांबी दोरीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत ६७ इंच, म्हणजे सुमारे १७०० मिमी. ओढीच्या दुप्पट अधिक दहा टक्के, शिवाय न वाकणाऱ्या मुठीसाठी पाच-सहा इंच, असा हा हिशेब आहे. मधले २०० मिमी मूठ आणि तिचे उतार. उरलं प्रत्येक पातं ७५० मिमी.

रुंदी उताराशी ३६ मिमी, निम्म्या पात्यापर्यंत तशीच, तिथून सरळ उतरत टोकाला १२. जाडी बांबू ३.५ पासून टोकाला २, शिवण ५ पासून ४, धामण ६ पासून ५. एकूण १४.५ पासून ११. घडवून झाल्यावर १३ आणि ९.५ च्या आसपास राहतं. मधले २०० मिमी पूर्ण जाडीचे ठेवा.

चिकटवायला साधा पांढरा फेव्हिकॉल वापरू नका. सतत ताणाखाली आणि उन्हात तो हळूहळू सरकतो. हळू सुकणारं, दोन भागांचं इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांत घट्ट होणारं नव्हे. तेलकट लाकूड असेल तर रंधल्याबरोबर ॲसिटोनने पुसा आणि लगेच लावा. दोन्ही पृष्ठभागांवर लावा. इपॉक्सीला फार दाब नको. शिकंजे करकचून आवळले तर सगळं चिकट द्रव्य बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. सगळ्यात सोपा दाब म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या इंचभर रुंद पट्ट्या, साच्यासकट गुंडाळलेल्या. साचा म्हणजे दोन इंच रुंद सरळ ओंडका, ज्यावर टोकं मुठीच्या रेषेपासून ५० मिमी पाठीकडे वळतील अशी हलकी कमान कापलेली आहे. साच्यावर आधी प्लास्टिकची चिकटपट्टी लावा, नाहीतर धनुष्य साच्यालाच चिकटेल. दुसऱ्या दिवशी सोडा, आणि पूर्ण ताण देण्याआधी आठवडा जाऊ द्या.

मुठीचा ठोकळा नंतर पोटाकडून चिकटवायचा. त्याची टोकं कागदाइतकी पातळ होत संपली पाहिजेत. ठोकळ्याखाली पातं वाकलं तर तो उपटतोच, मग चिकट कितीही चांगला असो.

आता आकार

सरळ, सपाट पातं पहिल्या धनुष्याला सर्वांत योग्य. त्यात दोन पोटजाती. वर दिलेलं माप समांतर रुंदीचं आहे. त्यात जाडी टोकाकडे उतरते आणि वळण टोकाकडे वाढत जातं. दुसरं त्रिकोणी: उताराशी ४५ ते ५० मिमी आणि तिथून थेट टोकापर्यंत निमुळतं, जाडी जवळजवळ एकसारखी. ते गोल कमानीत वाकतं, ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि जाडीचा उतार काढण्याची कटकट नाही. रुंद, मध्यम प्रतीच्या लाकडाला हे उत्तम. पण बांबूच्या गोलाईमुळे ५० मिमी रुंद पाठ आपल्या कळकात मिळत नाही. तिथे पाठीला सरळ रेषेच्या ॲशची ३ मिमी पट्टी लावावी.

इंग्रजी लाँगबोसारखं अरुंद आणि जाड, अर्धगोल पोटाचं पातं सुंदर दिसतं. त्याला दाबाला फार चांगलं लाकूड आणि सहा फुटांहून जास्त लांबी लागते. आपल्या लाकडांत त्याचा हट्ट धरू नये.

टोकं पाठीकडे वळवली की दोरी चढवतानाच पातं बरंच वाकलेलं असतं, ओढीच्या सुरुवातीलाच वजन मिळतं आणि एकूण साठवण वाढते. किंमत पोट मोजतं. साच्यात दिलेल्या ५० मिमीपैकी घडवून झाल्यावर २५ शिल्लक राहिले तर काम चांगलं झालं म्हणायचं. ७५ मिमीच्या पुढे बिनकाचेच्या धनुष्यात जाऊ नका.

मुठीलगत पात्यांचा कल आपल्याकडे आणि बाहेरच्या निम्म्या भागात निशाण्याकडे, हा मिश्र आकार आम्हाला थरांच्या कामात सर्वांत जास्त पटतो. मुठीजवळ ३० मिमी मागे, टोकं परत मुठीच्या रेषेत. मुठीजवळचा ताण कमी होतो आणि दोरी टोकाशी काटकोनापर्यंत लवकर पोचत नाही, त्यामुळे शेवटच्या दोन इंचांत धनुष्य अचानक जड होत नाही. एकसंध लाकडात हा आकार वाफेवर वाकवून आणावा लागतो. थरांत तो साच्यातून आपोआप येतो. दुसरं धनुष्य याचं करा.

रिकर्व्ह, म्हणजे टोकाशी दोरी पात्यावर टेकलेली, हा आकार काचेचा आहे. लाकडात त्याला टोकं २० मिमीहून रुंद ठेवावी लागतात, नाहीतर पातं पिळून दोरी घसरते. आणि रुंद टोक म्हणजे जड टोक. वळणाच्या फायद्याचा बराच भाग तिथेच खर्च होतो.

शाळेतल्या किंवा क्लबच्या मुलांसाठी करत असाल तर आधी स्पर्धेचे नियम विचारा. बांबूच्या धनुष्यांच्या इंडियन राउंडमध्ये ५० आणि ३० मीटरवर नेम असतो आणि कुठली साधनं चालतात याला मर्यादा आहेत.

वाकवताना

पातं खरवडत ठरलेल्या वजनावर आणण्याची मांडणी अशी: भिंतीला मूठ टेकवून, खाली कप्पीतून दोरी आणि तिला लटकता डिजिटल काटा. सामान किंवा गॅस सिलिंडर तोलायचा काटा चालतो. नियम एक: ४० पौंड ठरलं असेल तर कितीही कमी ओढीवर असा, काटा ४० च्या वर जाऊ द्यायचा नाही. ठरल्यापेक्षा जास्त वजन एकदाच खेचलं तरी पोट ते लक्षात ठेवतं. प्रत्येक खरवडणीनंतर २० ते ३० वेळा अर्धवट ओढा आणि मगच पुन्हा बघा, लाकडाला नवा आकार समजायला तेवढं लागतं.

एखाद्या ठिकाणी पातं कोपरासारखं वाकत असेल तर त्या जागेला हात लावू नका. तिच्या दोन्ही बाजूंनी काढा. ही जागा बहुतेकदा मुठीचा उतार संपतो तिथेच असते. पातं पिळत असेल तर ज्या बाजूला टोक वळतंय तिच्या विरुद्ध कड जाड राहिली आहे, तिथून काढा. सगळ्या कडा गोल करा, विशेषतः बांबूच्या. धारदार कडेवरूनच ढलपी उठते. खालचं पातं वरच्यापेक्षा किंचित ताठ हवं: दोरी चढवल्यावर मुठीच्या उतारापासून दोरीपर्यंतचं अंतर वरच्या बाजूला ३ ते ५ मिमी जास्त.

बाणाशिवाय दोरी कधी सोडू नका, आणि ४० पौंडांच्या धनुष्याला २६ ग्रॅमपेक्षा हलका बाण नको.

राहिला आपला पाऊस. घाटालगतच्या कणकुंबी-जांबोटीकडे जूनपासून लाकूड अक्षरशः पाणी पितं, कोरड्या अथणीत त्याच वेळी त्याच्या निम्मंही नाही. चिकटवण्याचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका, लाकडात ओल ८ ते १० टक्के असताना. त्याहून ओलं लाकूड पोटाकडून बाक घेतं, फार कोरडं पाठीकडून तुटतं. जुलैत तयार धनुष्य तोललं तर ४० चं ३६-३७ भरेल. हिवाळ्यानंतर ते परत चढतं. म्हणून पावसाळ्यात अखेरचं वजन ठरवू नका. त्या दिवसांत बरोबर ४० वर आणून ठेवलेलं धनुष्य मार्चमध्ये ४३-४४ दाखवेल, आणि वजनाबरोबर पोटावरचा दाबही वाढलेला असेल. दोरी उतरवून, भिंतीपासून दूर दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोपऱ्यात टेकवून उभं केलं की खालचं पातं हळूहळू बाक घेतं.